रोलर डर्बी : चाकांवरचा खेळ आणि त्याची मालकी

डर्बी म्हटलं की आपल्याला महालक्ष्मीचं रेसकोर्स आठवतं. रोलर डर्बीचा घोड्यांशी संबंध फक्त नावापुरता. पायांत चार चाकांचे स्केट्स, डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना-कोपरांना पॅड, तोंडात माउथगार्ड अशा तयारीतल्या दहा बायका लंबगोल ट्रॅकवर एकमेकींना खांद्याने, कमरेने धडका देत फिरतात आणि त्यातून गुण मिळवतात, असा हा खेळ. गेल्या वीसेक वर्षांत तो अमेरिकेतून युरोप, ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या शेकडो शहरांत पोचला. खेळणाऱ्यांत नर्स आहेत, शिक्षिका आहेत, वकील आहेत, बारमध्ये काम करणाऱ्या आहेत. खेळण्याचे पैसे जवळपास कुणालाच मिळत नाहीत. उलट बहुतेक ठिकाणी प्रत्येकीला दरमहा आपल्या लीगची वर्गणी भरावी लागते.

या खेळाचा इतिहास दोनदा सुरू होतो. एकदा १९३५ साली शिकागोत आणि पुन्हा २००१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात. दोन्ही वेळा बायका ट्रॅकवर होत्या. दोन्ही वेळा त्या पडत होत्या, उठत होत्या, हाडं मोडून घेत होत्या. त्यामुळे पुरुषांच्या खेळात बायकांनी शिरकाव केल्याची ओळखीची गोष्ट इथे सांगता येत नाही. इथे प्रश्न पडतो तो ट्रॅक कुणाच्या मालकीचा, हा.

दोन मिनिटांचा हिशोब

आधी खेळ समजून घेऊ. सामना एक तासाचा, तीस-तीस मिनिटांच्या दोन डावांचा. प्रत्येक डावात 'जॅम' नावाच्या छोट्या छोट्या लढती होतात. एक जॅम जास्तीत जास्त दोन मिनिटं चालतो. मग तीस सेकंदांची उसंत, की लगेच पुढचा. दर जॅमला दोन्ही संघांच्या पाच-पाच जणी उतरतात : चार ब्लॉकर आणि एक जॅमर. जॅमरच्या हेल्मेटवर चांदणीचं कापडी कव्हर असतं. आठ ब्लॉकर पुढे घोळक्याने उभ्या राहतात, दोन्ही जॅमर त्यांच्या मागे. शिट्टी झाली की जॅमरने त्या घोळक्यातून वाट काढायची. पहिल्यांदा पार होण्याला गुण नाहीत. ट्रॅकला वळसा घालून ती पुन्हा घोळक्यापाशी पोचली की समोरच्या संघातल्या जितक्या ब्लॉकरना नियमाने ओलांडेल तितके गुण.

कबड्डी बघणाऱ्याला हे जड जाऊ नये. जॅमर म्हणजे चढाई करणारी, ब्लॉकर म्हणजे साखळी धरणाऱ्या. मात्र इथे दोन्ही संघांची चढाई एकाच वेळी चालू असते. ब्लॉकरला एकाच क्षणी समोरच्यांची जॅमर अडवायची असते आणि आपल्या जॅमरसाठी भिंतीला भगदाडही पाडायचं असतं. तिघी एकमेकींना बिलगून भिंत करतात. चौथी त्यांच्याकडे तोंड करून, उलटी स्केटिंग करत त्यांना आधार देते आणि मागून कोण येतंय ते ओरडून सांगते. भिंतीतल्या तिघींना जॅमर दिसतेच असं नाही. आधी चाकांचा आवाज येतो, मग अंगावर वजन येतं. कोपर मारायचं नाही, धरून ठेवायचं नाही, पाठीत धडक द्यायची नाही, पाय घालून पाडायचं नाही. नियम मोडला की तीस सेकंद बाजूच्या खुर्चीवर, आणि सातव्यांदा मोडला की सामन्यातून बाहेर. एक ब्लॉकर खुर्चीवर गेली की भिंत तिघींची होते. जॅमरच गेली तर समोरच्यांना मोकळं रान.

पहिल्या फेरीत जी जॅमर नियमाने आधी बाहेर पडते तिला 'लीड' मिळतो. लीड असलेली जॅमर दोन्ही हात कमरेवर आपटून जॅम हवा तेव्हा थांबवू शकते. समजा तिने चार गुण घेतले आणि मागून दुसरी जॅमर आता गुण घ्यायला पोचणार, तर तिने पहिलीला ओलांडायच्या आत कमरेवर हात आपटायचे. ऊर फुटेस्तोवर धावल्यावर, दोन धडका खाल्ल्यावर, नेमक्या त्या सेकंदाला हे सुचावं लागतं. बाहेरून नुसती धक्काबुक्की वाटणारा हा खेळ खेळणारीसाठी सतत चालू असलेला हिशोब असतो.

सेल्ट्झर यांची कंपनी

महामंदीच्या काळात अमेरिकेत लोकांना दिवसेंदिवस नाचायला किंवा चालायला लावणाऱ्या स्पर्धांचं पेव फुटलं होतं. जो शेवटपर्यंत उभा राहील त्याला बक्षीस, आणि उरलेल्यांना टिकतील तोवर निदान जेवण. लिओ सेल्ट्झर अशा चालण्याच्या स्पर्धा भरवत. तो धंदा उतरणीला लागला तेव्हा त्यांनी स्पर्धकांच्या पायांत चाकं दिली. १३ ऑगस्ट १९३५ रोजी शिकागो कोलिझियममध्ये 'ट्रान्सकॉन्टिनेंटल रोलर डर्बी' सुरू झाली. एक पुरुष आणि एक स्त्री अशा जोड्यांनी आळीपाळीने फेऱ्या मारायच्या आणि अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचं अंतर त्या बंदिस्त सभागृहातच कापायचं, अशी ती शर्यत होती.

फेऱ्या मारताना खेळाडू अधूनमधून एकमेकांवर आदळत आणि तेवढ्यापुरते प्रेक्षक सावरून बसत. जे अपघाताने होतंय ते नियमातच आणा, असा सल्ला सेल्ट्झर यांना १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात पत्रकार आणि कथालेखक डेमन रनयन यांनी दिला, असं मानलं जातं. शर्यतीची टक्कर झाली आणि गुण मोजले जाऊ लागले. ही मंडळी गावोगाव फिरत. मार्च १९३७मध्ये इलिनॉय राज्यातल्या सेलमजवळ त्यांच्या बसला अपघात झाला आणि सुमारे वीस जण दगावले. त्यांच्या आठवणीसाठी पुढे १ क्रमांकाची जर्सी कुणालाच दिली गेली नाही.

या खेळात पहिल्यापासून एक विलक्षण गोष्ट होती. एका सत्रात पुरुष खेळायचे, पुढच्या सत्रात बायका. नियम तेच, ट्रॅक तोच, धडका त्याच, आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून संघ जिंकायचा किंवा हरायचा. त्याच काळात अमेरिकेतल्या मुलींना बास्केटबॉलचा पूर्ण कोर्ट झेपणार नाही म्हणून अर्ध्या कोर्टात खेळवलं जात होतं. १९४३मध्ये बायकांची व्यावसायिक बेसबॉल लीग निघाली, तेव्हा खेळाडूंना स्कर्ट घालून मैदानात उतरावं लागलं आणि शिष्टाचाराचे वर्गही करावे लागले. या पार्श्वभूमीवर मिज 'टफी' ब्रासून घराघरांत पोचली. १९४८मध्ये न्यूयॉर्कमधून टीव्हीवर डर्बी दिसू लागली होती आणि टीव्ही नवा असलेल्या त्या दिवसांत लोकांनी पहिल्यांदाच बायकांना इतक्या मोकळेपणी भिडताना पाहिलं.

तरीही संघ सगळे एकाच कंपनीचे होते. कोण कुठल्या संघात, कुठल्या शहरात, किती पगारावर, हे मालक ठरवायचा. १९५०च्या दशकाच्या शेवटी लिओ यांचा मुलगा जेरी यांनी कारभार हाती घेतला आणि मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात हलवला. 'बे बॉम्बर्स' संघाची सोनेरी केसांची जोनी वेस्टन नायिका झाली आणि केस रंगीबेरंगी करून येणारी अ‍ॅन कॅलव्हेलो खलनायिका. वल्लभभाई पटेल स्टेडियमवरच्या दारासिंग-किंगकाँगच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांच्या आठवणी मुंबईकरांच्या मागच्या पिढीने सांगितलेल्या आहेत. हाही तसाच मामला होता. पडणं खरं होतं, मोडलेली हाडं खरी होती, पण भांडणं रंगवलेली असत आणि खेळात नुरा कुस्तीचा अंश वाढत गेला. क्रीडापत्रकारांनी या खेळाला आपल्या पानावर जागा द्यायला कायम नाक मुरडलं.

प्रेक्षक मात्र शेवटपर्यंत होते. १९७२मध्ये शिकागोच्या कोमिस्की पार्कवर एका सामन्याला पन्नास हजार लोक आले. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात, वाढता खर्च आणि इंधनटंचाई यांमुळे जेरी सेल्ट्झर यांनी कंपनी बंद केली. वीस-वीस वर्षं ट्रॅकवर काढलेल्या बायकांना त्या निर्णयात मत नव्हतं. नंतर इतरांनी अधूनमधून प्रयत्न केले. १९८९च्या 'रोलरगेम्स' या टीव्ही कार्यक्रमात ट्रॅकच्या मधोमध मगरींचं डबकंसुद्धा होतं. खेळ तमाशाच्या कोणत्या टोकाला गेला होता, ते यावरून कळावं.

ऑस्टिनमधली फूट

२००१च्या सुरुवातीला ऑस्टिनमधल्या एका माणसाने डर्बी पुन्हा सुरू करायची म्हणून शहरातल्या बायकांना गोळा केलं. त्याच्या डोक्यात सर्कशीच्या अंगाने जाणारा खेळ होता. तो लवकरच बाजूला झाला, जमलेल्या बायका मात्र पांगल्या नाहीत. त्यांनी स्वतःची कंपनी काढली. पंक संगीताच्या वर्तुळातल्या या मुली स्केटिंग विसरलेल्या होत्या किंवा कधी शिकल्याच नव्हत्या. कंपनी चालवणाऱ्या चौघी स्वतःला गमतीने 'शी-ई-ओ' म्हणवून घेत.

गंमत दोन वर्षं टिकली. दुखापती होऊ लागल्या तसे विमा कुठे आहे, तिकिटांचे पैसे कुठे जातात आणि निर्णय कोण घेतं, हे प्रश्न निघाले. मालक आता बायकाच होत्या, पण चार मालकिणी आणि बाकीच्या खेळाडू ही मांडणी जुनीच होती. २००३मध्ये बहुसंख्य खेळाडू बाहेर पडल्या आणि त्यांनी 'टेक्सास रोलरगर्ल्स' ही लीग काढली. तिची मालकी खेळणाऱ्या सगळ्यांची होती. आज जगभर खेळली जाणारी डर्बी या बाहेर पडलेल्यांकडून आली आहे.

ती पसरली त्यामागे एक साधं तांत्रिक कारणही आहे. सेल्ट्झर यांचा ट्रॅक कडेला उंच होत जाणारा, लाकडी होता. तो बांधायला महाग, हलवायला कटकटीचा आणि ठेवायला गोदाम लागणारा. टेक्सास रोलरगर्ल्स सपाट जमिनीवर खेळल्या. बास्केटबॉलच्या कोर्टाहून थोडी मोठी सपाट जागा, दोरी आणि चिकटपट्टी एवढ्यावर सपाट ट्रॅक तयार होतो. जमिनीवर लंबगोल आखून त्यावर दोरी अंथरायची आणि वरून पट्टी चिकटवायची, म्हणजे खाली न बघताही चाकाला सीमारेषा जाणवते. ट्रॅक इतका स्वस्त झाल्यावर मालकाची गरज उरली नाही.

जुलै २००५मध्ये शिकागोत वीस लीगच्या प्रतिनिधी भेटल्या आणि सपाट ट्रॅकवरच्या महिला डर्बीची संघटना आकाराला आली. सदस्य लीगची निम्म्याहून अधिक मालकी खेळाडूंकडे असली पाहिजे, ही तिची अट होती. नियम लीगच्या मतदानाने ठरू लागले. पुढच्याच वर्षी टूसॉनमध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ती टेक्सास रोलरगर्ल्सने जिंकली.

सामन्याचा दिवस

आपणच मालक असणं म्हणजे काय, ते सामन्याच्या दिवशी दिसतं. सकाळी खेळाडू येऊन ट्रॅक चिकटवतात. कुणी खुर्च्या मांडतं, कुणी तिकिटं फाडतं, कुणी टी-शर्ट विकायला बसतं. सामन्याला सातपर्यंत रेफरी स्केट्सवर लागतात, शिवाय गुण लिहायला, दंडाची वेळ मोजायला डझनभर माणसं. त्यातले बहुतेक स्वयंसेवक असतात : दुखापतीतून उठणारी खेळाडू, कुणाचा नवरा, कुणाची मैत्रीण, शेजारच्या लीगमधल्या कुणी.

त्याआधी कित्येक महिन्यांची तालीम असते. नवख्या मुलीला सर्वांत आधी पडायला शिकवतात. गुडघ्याच्या पॅडवर पडायचं, आणि बोटं मुठीत घ्यायची, कारण मागून येणारीची चाकं बोटांवरून जातात. सामन्याच्या लायकीची होण्यासाठी पाच मिनिटांत सत्तावीस फेऱ्यांची चाचणी बरीच वर्षं रूढ होती. लहान चणीची मुलगी फटीतून निसटते, आडव्या बांध्याची बाई भिंतीत हलत नाही. एकच बांधा योग्य असं या खेळात नाही. शाळेच्या मैदानावर कधी निवड न झालेल्या कितीतरी जणी तिशीत इथे पहिल्यांदा खेळाडू झाल्या, त्याचं हे मोठं कारण.

पुनर्जन्माच्या पहिल्या वर्षांत जाळीचे मोजे, तोकडे स्कर्ट आणि शब्दांवर कोट्या करणारी टोपणनावं हा अर्धा खेळ होता. २००९च्या 'व्हिप इट' सिनेमाने हेच रूप जगभर नेलं. मग खेळ गंभीर झाला तसं वाद सुरू झाले. टोपणनावांमुळे आपल्याला कुणी खेळाडू मानत नाही असं म्हणत काहींनी जर्सीवर आडनाव लावलं. काहींचं म्हणणं, नाव आम्ही घेतलेलं आहे, कॅलव्हेलोसारखं मालकासाठी वठवलेलं पात्र नाही. न्यूयॉर्कची बॉनी थंडर्स याच नावाने या खेळातली सर्वांत नामवंत जॅमर ठरली. संघटनेने ट्रान्स स्त्रियांना खेळण्याचा हक्क इतर अनेक खेळांच्या आधी नियमात लिहिला. २०११मध्ये टोरोंटोत तेरा देशांचा पहिला विश्वचषक झाला, २०१८मध्ये मँचेस्टरला अडतीस संघ आले. त्यांत 'टीम इंडिजिनस' हा मूलनिवासी खेळाडूंचा, कुठल्याच एका देशाचा नसलेला संघही होता. त्याची गरज पडली यातच खेळावरची टीकाही आली. डर्बी बरीचशी गोऱ्या बायकांची राहिली आणि स्केट्स, पॅड, वर्गणी, दवाखान्याचं बिल ज्यांना परवडतं त्यांची राहिली.

पैसे हा या खेळाचा न सुटलेला प्रश्न आहे. मालक नाही म्हणून पगार ठरवणारा कुणी नाही, तसा पगार देणाराही कुणी नाही. टीव्हीचे मोठे करार झाले नाहीत. आठवड्यातून दोन-तीन रात्री सराव, शिवाय समित्यांच्या बैठका, हिशोब, भाड्याच्या जागेची शोधाशोध यात अनेक जणी थकून सोडतात. त्यांना दमवतं ते खेळापेक्षा खेळाभोवतीचं काम. २०२०मध्ये कोविडमुळे सामने थांबले तेव्हा संघटनेने टप्प्याटप्प्याने परतण्याची काटेकोर योजना आखली. तोवर बऱ्याच लीगची सरावाची जागाच गेली होती आणि काही लीग पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत.

१९७३मध्ये एक कार्यालय बंद झालं आणि त्याबरोबर कंपनीचे सगळे संघ संपले. आता एका शहरातली लीग मोडली तर तिथल्या खेळाडू तासभर गाडी हाकून शेजारच्या शहरात सरावाला जातात, तिथली वर्गणी भरतात आणि पुढच्या सामन्याच्या सकाळी तिथल्या जमिनीवर पट्टी चिकटवायला बसतात. जोनी वेस्टनला दोन दशकांच्या खेळात पगार मिळाला, नाव मिळालं, पण खेळ चालू ठेवायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार मिळाला नाही. आजच्या खेळाडूंकडे तो अधिकार आहे. त्याची किंमत त्या दर महिन्याला स्वतःच्या खिशातून मोजतात.