नवागताच्या लिपीत

इंग्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली लिस्बनहून गोव्यात आले आणि त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीच्या लोकांत गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांची जागा घेईल असे मराठी पुस्तक मात्र नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘ख्रिस्तपुराण’ अवतरले. त्यात नवख्रिस्ती श्रोते शंका विचारतात आणि पाद्री-गुरू उत्तरे देतात. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ विचारणाऱ्याला आधी बोलू देतो, हे त्याचे मोठेपण.

लोकांची भाषा त्यांच्याच लिपीत छापण्याची परवानगी स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पत्र लिहून मागितली होती. ती इच्छा अपुरी राहिली. १६१६ साली पुराण छापले गेले ते रोमन अक्षरांत. देवनागरीत ते वाचकांच्या हाती येण्यास १९५६ साल उजाडले. ओव्या मराठी, पण मराठी वाचणाऱ्याला अक्षरेच परकी, अशी साडेतीन शतकांची ही कथा आहे.

१९९५ च्या नाताळात व्हॅटिकनचे संकेतस्थळ सुरू झाले. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी आंतरजाल हे सुवार्तेचे नवे व्यासपीठ असल्याचे सांगितले. मात्र तेथील ओळख प्रत्यक्ष ख्रिस्तसभेपर्यंत पोहोचली पाहिजे, असेही बजावले.

नागपूर महाधर्मप्रांतातील आपल्या भंडारा जिल्ह्याला हा विषय दूरचा नाही. जवाहरनगरची आयुध निर्माणी आणि तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी यांमुळे परगावची माणसे येथे येत राहिली. बदली होऊन आलेले कुटुंब आधी विचारते: मिस्सा किती वाजता? कोणत्या भाषेत? चर्चला जायचे कसे? मुलांचा धर्मशिक्षणवर्ग कधी असतो? ज्याने चर्चमध्ये कधी पाऊल टाकले नाही, त्याच्या मनात आणखी एक संकोच असतो: मी मागे नुसता बसलो तर चालेल काय?

धर्मग्रामाच्या संकेतस्थळाने पहिल्याच पानावर, मराठीत व देवनागरीत, याची उत्तरे द्यावीत. इमारतीचा इतिहास आणि सोहळ्यांची छायाचित्रे मागाहून येऊ द्यावीत; ती आपल्यासाठी असतात, नवागतासाठी नव्हे. ज्या लिपीसाठी स्टीफन्स यांना रोमला विनवावे लागले, ती आज प्रत्येक संगणकात आहे. आता परवानगी कोणाकडे मागायची नाही. आपण मनावर घ्यायचे एवढेच उरले आहे.