बैठ्या खेळांची बोलकी परंपरा

नाशिकजवळचें एकलहरे हें गांव औष्णिक वीजकेंद्रामुळें सर्वांच्या ओळखीचें झालें आहे. तेथील एखादें कुटुंब सुटीच्या दिवशीं पांडवलेणीं पाहावयास गेलें, तर त्याचें लक्ष बहुधा शिल्पांकडे व शिलालेखांकडेच जाईल. पायांखालच्या खडकाकडे फारसें कोणी पाहत नाहीं. वस्तुतः त्या खडकांतहि वाचण्यासारखें कांहीं आहे. समोरासमोर दोन ओळींत खोदलेले लहान लहान खळगे तेथें आढळतात. तो एका बैठ्या खेळाचा पट होय.

अभ्यासक या खेळास ‘मंकला’ या परकीय नांवानें ओळखतात. खळग्यांत बिया भरावयाच्या, एका खळग्यांतील सर्व उचलून पुढच्या खळग्यांत एकेक पेरीत जावयाचें, आणि ज्याच्याजवळ अखेर अधिक बिया जमतील तो जिंकला, असें त्याचें सामान्य स्वरूप आहे. तमिळनाडूंत ‘पल्लांगुळी’ व कर्नाटकांत ‘चेन्नेमणे’ हे याच जातीचे खेळ. मग नाशिकच्या खडकावरील पट कोणीं खोदला? भिक्षूनें, वाटसरूनें, कीं गुराख्यानें? लेणें जुनें म्हणून पटहि तितकाच जुना, असें अनुमान करतां येत नाहीं; तो मागाहून केव्हांहि खोदलेला असूं शकेल. त्यावर कोणत्या नियमांनीं डाव मांडला जाई, हेंहि दगड सांगत नाहीं. पट टिकला, त्याच्याभोंवतीं चाललेलें बोलणें मात्र विरून गेलें.

जेथें कोणी तें बोलणें लिहून ठेवलें, तेथें इतिहासाचा मार्ग सुकर झाला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभाराबरोबरच बुद्धिबळ, फासे व कवड्या यांचे खेळहि त्यानें वर्णनास योग्य मानले. पुढें १८७१ सालीं औरंगाबादच्या हरिकृष्ण या ज्योतिषी पंडितानें ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या आपल्या प्रचंड ग्रंथांत ‘क्रीडाकौशल्य’ नांवाचें प्रकरण घातलें. ग्रहगणितांत मुरलेल्या माणसानें खेळांचे नियम सांगण्यास लेखणी उचलावी, ही गोष्ट लहान नव्हे.

उलट, जें घरोघर खेळलें गेलें परंतु क्वचितच लिहिलें गेलें, त्याचें काय झालें तें सारीपटावरून दिसतें. चार पटांची ती फुली, चार रंगांच्या सोळा सोंगट्या आणि फासे किंवा कवड्या, इतक्या साहित्यावर पिढ्यान्‌पिढ्या रंगून गेल्या. ‘डाव साधणें’, ‘पोबारा करणें’ हे प्रयोग आजहि मराठी माणसाच्या तोंडीं आहेत. परंतु पोबारा हें मूळ फाशांवरील दानाचें नांव, हें किती घरांत ठाऊक असेल? याच जातीच्या पचिशीवरून इंग्लंडांत १८९६ सालीं ‘लूडो’ निघाला, आणि तोच रंगीत पुठ्ठ्यावर छापलेला येथें परत आला.

मोक्षपटाची गोष्टहि तशीच. तो ज्ञानेश्वर महाराजांनीं निर्माण केला, अशी महाराष्ट्रांत समजूत आहे. श्रद्धेचा मान राखूनहि इतकें सांगितलें पाहिजे कीं, त्यांच्या काळचा एकहि पट उपलब्ध नाहीं; जे जुने पट हातीं आहेत, ते पुष्कळ शतकांनंतरचे आहेत. त्या पटांवर शिड्या सद्गुणांच्या व सर्प दुर्गुणांचे असत, आणि शेवटचें घर मोक्षाचें. १८९२ च्या सुमारास हा खेळ इंग्लंडांत ‘सापशिडी’च्या रूपानें विकला जाऊं लागला. पुढें घरांचे अर्थ गळून पडले व केवळ आंकडे उरले.

आज पुण्यामुंबईकडील तरुण मंडळी जर्मनींतून आलेल्या नव्या पटांभोंवतीं जमतात. त्या देशांत १९७९ पासून दरवर्षीं उत्तम खेळास पारितोषिक दिलें जातें. १९९५ सालीं तें क्लाउस टॉयबर यांच्या ‘कॅटान’ला मिळालें. या खेळांच्या पेटीवर कर्त्याचें नांव असतें, आंत नियमांची पुस्तिका असते, आणि डाव संपल्यावर त्याच नियमांवर तासन्‌तास चर्चा रंगते. कोणी या छंदास वेळेचा अपव्यय म्हणेल. परंतु नियमांवर वाद घालणारा मनुष्यच नियम जपून ठेवतो.

हीच दक्षता घरच्या खेळांस कां मिळूं नये? अनेक घरांतील आजीस कवड्यांचें दान मोजण्याची रीत ठाऊक असते, सोंगटी कोठें मरते व कोठें मरत नाहीं हें ती सहज सांगते. एका संध्याकाळीं तिच्याशेजारीं पट मांडून तिचे नियम नातवंडांनीं वहींत उतरून घ्यावे. खडकावरच्या खळग्यांभोंवतीं बसलेल्यांना तशी वही कोणीं केली नाहीं.