नावातून निसटलेली स्त्री : इंग्लंड आणि ओंटारिओ येथील शिक्षिका-संघटनांचा तौलनिक विचार

शिक्षक-संघटनांचा इतिहास सामान्यतः वेतनवाढ, संप आणि शासनाशी झालेल्या वाटाघाटी या क्रमाने लिहिला जातो. प्राथमिक शिक्षणाच्या क्षेत्रात स्त्रियांची संख्या मोठी असूनही त्यांचे प्रश्न मात्र या संघटनांत दीर्घकाळ ‘विशेष’ प्रश्न म्हणूनच ओळखले गेले. या प्रश्नांना संघटनेत जागा कशी मिळाली आणि ती कशाच्या आधारे टिकली, हे समजून घेण्यासाठी इंग्लंड व कॅनडातील ओंटारिओ प्रांत ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते.

इंग्लंडमध्ये १८७० साली स्थापन झालेल्या आणि पुढे ‘नॅशनल युनियन ऑफ टीचर्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संघटनेत १९०४ मध्ये समान वेतनासाठी एक गट उभा राहिला. १९१९ मध्ये मूळ संघटनेने समान वेतनाचे तत्त्व स्वीकारले. परंतु तत्त्वाचा स्वीकार म्हणजे त्यासाठी लढण्याची तयारी नव्हे, अशी या स्त्रियांची धारणा झाली आणि १९२० मध्ये ‘नॅशनल युनियन ऑफ विमेन टीचर्स’ वेगळी झाली. त्यांची शंका निराधार नव्हती. बर्नहॅम समितीच्या वेतनश्रेणींत शिक्षिकेचे वेतन शिक्षकाच्या सुमारे चार-पंचमांश राहिले. अनेक स्थानिक शिक्षणसंस्थांनी विवाहित स्त्रियांना नोकरीतून दूर ठेवले. हा निर्बंध १९४४ च्या शिक्षण कायद्याने उठला. त्याच विधेयकावरील समान वेतनाची दुरुस्ती कॉमन्स सभेत ११७ विरुद्ध ११६ अशा एका मताने संमत झाली होती. पण चर्चिल यांनी तो विश्वासदर्शक मतदानाचा विषय केला आणि ती उलटवली गेली. समान वेतन १९५५ मध्ये मान्य होऊन टप्प्याटप्प्याने १९६१ मध्ये पूर्णत्वास गेले. त्याच वर्षी संघटनेने स्वतःचे विसर्जन केले.

हे विसर्जन कृतार्थतेचे होते, तसेच ते एका मर्यादेचेही निदर्शक होते. समान वेतन मिळाले, तरी मुख्याध्यापकपद कोणाला मिळावे याचा निर्णय वेतनश्रेणी करीत नाही. नोकरीतील लिंगभेदाला प्रतिबंध करणारा कायदा १९७५ मध्ये आला. मधल्या काळात स्त्रियांचा प्रश्न हेच ज्याचे एकमेव प्रयोजन होते, असे हे व्यासपीठ उरले नव्हते.

ओंटारिओची वाटचाल निराळी होती. तेथे १९१८ मध्ये शिक्षिकांचा प्रांतिक महासंघ स्थापन झाला, आणि पुरुष शिक्षकांची संघटना स्वतंत्र राहिली. १९४४ च्या कायद्याने संघटनेचे सदस्यत्व अनिवार्य झाले. सार्वजनिक प्राथमिक शाळांतील स्त्रिया शिक्षिका-महासंघाच्या सदस्य ठरल्या. जे कवच होते तेच पुढे बंधन वाटू लागले. १९८० च्या दशकात मार्गारेट टोमेन या शिक्षिकेने या सक्तीला आव्हान दिले. न्यायालयांत महासंघाची बाजू टिकली. परंतु १९९४ मध्ये मानवी हक्क चौकशी मंडळाने लिंगाधारित अनिवार्य सदस्यत्व भेदभावाचे ठरविले. अखेर १९९८ मध्ये दोन्ही संघटना विलीन झाल्या.

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. विलीनीकरणानंतरच्या नावात ‘स्त्री’ हा शब्द राहिला नाही. मात्र वार्षिक अंदाजपत्रकातील ६ टक्के रक्कम स्त्रियांच्या कार्यक्रमांसाठी राखली गेली आणि कार्यकारिणीतील काही पदे स्त्रियांसाठी राखीव ठरली. नावातून जे वगळले गेले, ते अशा रीतीने नियमांत नोंदविले गेले. ही तरतूद सदस्यांच्या सदिच्छेवर अवलंबून नव्हती. स्त्रियांसाठीचा कार्यक्रम घ्यावा की न घ्यावा, हा दरवर्षी नव्याने वाद घालण्याचा विषय उरला नाही. वाद राहिला तो निधी कसा वापरावा याचा.

स्वतंत्र संघटनेमुळे मागणीला धार येते, पण ती मागणी पूर्ण होताच संघटनेचे प्रयोजन संपल्यासारखे वाटते, हे इंग्लंडच्या उदाहरणातून दिसते. सामाईक संघटनेत प्रश्न विरघळून जाण्याचे भय असते. लिखित आणि मोजता येणारी तरतूद त्यावर काही अंशी उपाय ठरते, हे ओंटारिओ दाखवते. ‘शिक्षक’ या सर्वसमावेशक भासणाऱ्या संज्ञेत कोण खरोखर सामावले आहे, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच संघटनेच्या घोषणांइतकेच तिचे नियम आणि जमाखर्चही वाचणे आवश्यक आहे.