कस्तुरीभेंडी आणि कोचीनचे तीन वैद्य

देवालयाच्या परसातील जास्वंद कोणास ठाऊक नाही? परंतु तिच्याच कुळातील कस्तुरीभेंडी तितकीशी परिचित नाही. संस्कृतात तिला लताकस्तूरिका म्हणतात. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तिचा निर्देश कर्पूरादि वर्गात आढळतो. तिच्या बियांना कस्तुरीसारखा सुवास असतो.

या वनस्पतीच्या इतिहासात आपल्या स्थलांतराचाही एक धागा गुंफलेला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलाच्या जाचामुळे आपली अनेक दैवते फोंडा महालाकडे नेण्यात आली आणि कित्येक कुटुंबे दक्षिणेस कोचीनपर्यंत गेली. तेथील कोकणी समाजातील रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन वैद्यांनी, मलबारी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याप्रमाणेच, डच अधिकारी व्हान रीड यास ‘होर्टुस मलबारिकुस’ या वनस्पतिकोशाच्या कामी साहाय्य केले. १६७५ मध्ये तिघांनी नागरी लिपीत लिहून दिलेले प्रमाणपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात छापलेले आहे. दुसऱ्या खंडात ‘काट्टुकस्तुरी’, म्हणजे रानकस्तुरी, या मलबारी नावाने हीच वनस्पती सचित्र आली आहे. पुढे लिनीअसने १७५३ मध्ये तिला जास्वंदीच्या हिबिस्कस प्रजातीत घातले. १७८७ मध्ये मेडिकसने तिच्यासाठी वेगळी प्रजाती मानली.

ही वनस्पती बहुधा वर्षायू आहे. पावसाळ्याच्या तोंडी बी रात्रभर भिजवून उन्हाच्या जागी वाफ्यात दोन-दोन फुटांवर लावावे. कुंडी निदान बारा इंच खोल व तळाशी भोक असलेली घ्यावी. तीत एकच रोप ठेवावे. पाणी साचू देऊ नये. फूल पिवळे, मध्यभागी गडद जांभळे असते. ते एकच दिवस टिकते. बोंडे तपकिरी होताच, तडकण्यापूर्वी, खुडावी. त्यांवरील राठ लव हातास टोचते, म्हणून जपावे. बी सावलीत वाळवून पुढील वर्षासाठी ठेवावे.

त्या तीन वैद्यांची नावे ग्रंथामुळे टिकली. वर्षायू झाडाचे तसे नाही; एका वर्षी बी राखले नाही, तर त्या अंगणापुरता त्याचा वंश खुंटतो. घरदार सोडून गेलेल्या आपल्या पूर्वजांनी परमुलखातही ज्ञान जतन केले. देवालयाच्या आवारात एक वाफा राखून त्याचे बी दरवर्षी महाजनांच्या घरोघरी वाटले, तर त्या ऋणातून अंशतः उतराई होता येईल.