'होल्ड' : एका क्रियापदाचा इतिहास

श्रोतेहो, आज आपण एकच इंग्रजी क्रियापद घेणार आहोत, 'होल्ड'. अर्थ साधा, धरणे. पण हातात पेला धरणं, जमीन बाळगणं, एखादं मत बाळगणं, सभा भरवणं, कैद्याला अडकवून ठेवणं, या सगळ्याला इंग्रज 'होल्ड'च म्हणतो. न्यायालयाने निर्णय दिला, तर तेही 'हेल्ड'. इतकं सगळं एका शब्दात कसं मावलं, हा प्रश्न भाषेचा वाटतो. आम्ही तो इतिहासाचा म्हणून मांडणार आहोत.

इंग्रजीची एक जुनी चुलतभाषा म्हणजे गॉथिक. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने तिच्यात बायबलचे भाषांतर केले. उधळ्या पुत्राची गोष्ट आपल्याला माहीत आहे. पैसा उडवून कंगाल झालेला तो मुलगा दुसऱ्याच्या शेतावर डुकरं राखायला जातो. त्या 'राखण्या'साठी वुल्फिलाचा शब्द आहे 'हाल्दान'. हे 'होल्ड'चं भावंड. म्हणजे आपण 'गुरं सांभाळणं' म्हणतो, तोच अर्थ. इथे धरणारा मालक नाही, राखणदार आहे. ज्याला धरलं त्याच्या पोटापाण्याची काळजी त्याच्या डोक्यावर आहे.

जुन्या इंग्रजीत हा शब्द राखणे, पहारा करणे, राज्य करणे, ताब्यात ठेवणे असा पसरला. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर जमिनीची जी व्यवस्था बसली, तिचं तत्त्व असं की सगळी जमीन अखेर राजाची. बाकीचे ती कुणाकडून तरी 'धरतात'. 'टेनंट' या फ्रेंच वळणाच्या शब्दाचाही अर्थ 'धरणारा' एवढाच. फ्रीहोल्ड, लीजहोल्ड, कॉपीहोल्ड हे या व्यवस्थेतले शब्द. जमीनदाराच्या दप्तरातील नोंदीची नक्कल हाच ज्याचा पुरावा, तो कॉपीहोल्डर. हा प्रकार 1922 च्या कायद्याने रद्द ठरला आणि 1926 च्या आरंभी संपला. आता बघा, धरण्याबरोबर देणं होतंच: कुठे लढाईला माणसं, कुठे खंड, कुठे राबणूक. पण ते देणं वरच्याला. जे धरलं आहे त्याचं देणं मात्र शब्दातून निसटत गेलं.

त्याचा कडेलोट अमेरिकेत दिसतो. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसं समान आहेत हे सत्य सांगताना क्रियापद आलं ते 'होल्ड': ही सत्ये आम्ही 'धरतो', मानतो. मसुदा थॉमस जेफरसन यांचा. याच जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. इंग्रजीत अशा माणसाला 'स्लेव्हहोल्डर' म्हणतात. क्रियापद तेच! पुढे 1787 च्या राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्दच टाळला गेला. पळून गेलेला गुलाम परत द्यावा, या कलमात त्याचं वर्णन सेवेसाठी किंवा श्रमासाठी 'धरलेली' व्यक्ती असं आहे. कोणी धरली, कशी धरली, हे त्या कर्मणि प्रयोगात झाकलं जातं. 1865 च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली, त्याआधी यादवी युद्धात लाखो माणसं मेली.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे थांबावं. मत 'धरणं' आणि माणूस 'धरणं' यांत फरक काय? मत धरणाऱ्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. विचारलं तर कारण सांगावं लागतं. माणूस धरणाऱ्याने ते उत्तर नाकारलं.

आपल्याकडे 'धृ' धातूने असाच पसारा मांडला आहे. पतंजलींची 'धारणा' म्हणजे चित्त एका ठिकाणी बांधणं, बोलण्यातली 'धारणा' म्हणजे समजूत, आणि महाराष्ट्राच्या 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्यातली 'धारणा' म्हणजे इंग्रजी 'होल्डिंग'. त्या कायद्याने निदान एवढं तरी विचारलं, की एकाने किती धरावं?

मराठीत मात्र 'सांभाळणे' हा शब्द वेगळा उरला आहे. गुरं, लेकरं, म्हातारी माणसं आपण 'धरत' नाही, सांभाळतो. तेव्हा कागदावर 'धारक' किंवा 'होल्डर' दिसला की आपण एक विचारावं: हा नुसता धरतोय, की सांभाळतोयही? पुढच्या व्याख्यानात 'टेन्युअर' या शब्दाकडे वळू.