यॉर्कचा ससाणा आणि सुरतेचा पांजरापोळ

नाशिकमध्ये इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी बिस्किटांचा पुडा घेऊन येणारे आजोबा असतात. भोवती चार भटकी कुत्री जमली की 'यांच्यामुळे डोकं शांत राहतं' असं ते बिनदिक्कत सांगतात. शिकलेली मंडळी त्याला अ‍ॅनिमल थेरपी म्हणतात. मुंबई विमानतळावर 2023 पासून खास तयार केलेली कुत्री प्रवाशांचा ताण हलका करत फिरतात. हे खूळ अमेरिकेतून आलं, असा सगळ्यांचा समज. मला तो मान्य नाही.

अमेरिकेचा दावा असा: बोरिस लेव्हिन्सन या मानसशास्त्रज्ञाच्या खोलीत एक अबोल मुलगा लेव्हिन्सनच्या जिंगल्स कुत्र्याशी बोलू लागला. लेव्हिन्सनने 1961 मध्ये हे परिषदेत सांगितलं तेव्हा काहींनी थट्टा केली, 1962 मध्ये लेख छापून आला. त्याआधी फ्लॉरेन्स नाइटिंगेलने आजाऱ्याजवळ छोटं जनावर असावं असं लिहून ठेवलं होतं. आणि त्याच्याही आधी, 1796 मध्ये, यॉर्क शहराजवळ विल्यम ट्यूकने मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' उघडलं. साखळदंड नाहीत, मारझोड नाही. नातू सॅम्युएलने 1813 मध्ये तिथली हकिकत छापली. अंगणांत ससे, कोंबड्या, समुद्रावरचे कुरव आणि ससाणे होते. रुग्ण त्यांच्यात रमत आणि त्यांच्या मनात माया जागी होई. खरी सुरुवात इथे.

पण ट्यूकला हे सुचलं कुठून? अभ्यासक जॉन लॉककडे बोट दाखवतात. मुलांना पाखरं-जनावरं सांभाळायला द्यावीत म्हणजे ती दयाळू होतात, असं त्याने 1693 मध्ये लिहिलं होतं. उत्तर सोयीचं आहे. पण लॉकपुढे मुलं होती, वेडे नव्हते.

मला सापडला तो थॉमस ट्रायॉन. लहानपणी मेंढ्या राखल्या, पुढे लंडनमध्ये टोप्या बनवल्या. मांसाहार सोडलेल्या या माणसाने 1683 मध्ये हिंदुस्थानी ब्राह्मण आणि फ्रेंच गृहस्थ यांचा संवाद लिहिला, आणि त्यात बाजू घेतली ब्राह्मणाची. याच ट्रायॉनने 1689 मध्ये वेडावर प्रकरण लिहून लंडनच्या बेडलम या वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णांना तमाशासारखं बघायला जाणाऱ्यांना झोडपलं आणि वेड्यांना शांतपणे, प्रेमाने वागवा म्हटलं. मुक्या जिवांची कणव आणि वेड्यांची कणव, दोन्ही एकाच लेखणीतून! क्वेकर पंथाचा बेंजामिन ले ट्रायॉनचा भक्त होता. ट्यूकही क्वेकरच.

ट्रायॉन हिंदुस्थानात कधी आला नाही. पण सुरतेच्या जनावरांच्या इस्पितळाचा, म्हणजे पांजरापोळाचा, बोलबाला प्रवासी करतच होते. जॉन ओव्हिंग्टनने 1696 च्या पुस्तकात थकलेल्या गाई-घोड्यांबरोबर तिथल्या ढेकूण-पिसवांचीही सोय वर्णिली आहे: एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर तिथे झोपवायचं, म्हणजे त्यांचं पोट भरतं. (त्या गरिबाच्या मनःस्वास्थ्याची चौकशी कोणी केली नाही, हे आपल्या परंपरेचं न्यून मान्य करायलाच हवं.) पांजरापोळाची ही प्रथा पुढे मुंबई-नाशिककडेही रुजली. मुंबईत कुत्री मारण्यावरून 1832 मध्ये दंगल झाली. दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी पांजरापोळ काढला. नाशिक पंचवटी पांजरापोळ 1878 चा. त्याची चुंचाळ्याची जमीन इंदिरानगरहून अंबडच्या पलीकडे.

ट्रायॉन आणि ट्यूक यांच्यात शतकाचं अंतर आहे, आणि मधला दुवा म्हणून माझ्याकडे फक्त क्वेकरांची वाचनाची सवय आहे. वकील हसेल. पण यॉर्कच्या अंगणातल्या प्राण्यांची यादी पुन्हा बघा. ससे आणि कोंबड्या कोणीही पाळतं. कुरव गोगलगाया टिपायला इंग्रज बागेत ठेवत, तेही चालेल. ससाणा कशाला? रोग्याचं मन रमवायला ठरवून जनावरं आणणारा माणूस सशांच्या जोडीला ससाणा आणणार नाही, असं मला वाटतं. पंख मोडलेला, कुठेतरी पडलेला पक्षी कोणीतरी उचलून दारात आणून सोडला असेल, आणि आत घ्यायचं की नाही हा प्रश्नच त्या घरात पडला नसेल. जनावरं अशी जमतात ती पांजरापोळात.