वेगाची स्मृती

दिल्लीच्या 2010 सालच्या राष्ट्रकुल स्पर्धांत रहमतुल्ला मोल्ला, सुरेश सत्या, शमीर मोन व अब्दुल नजीब कुरेशी यांनी 4 × 100 मीटर रिलेचे कांस्यपदक 38.89 सेकंदांत मिळविले. तो राष्ट्रीय विक्रम जवळजवळ पंधरा वर्षे अबाधित राहिला. रसिकांना पदक आठवते, आकडा क्वचितच.

30 एप्रिल 2025 रोजी चंडीगडला गुरिंदरवीर सिंग, अनिमेष कुजूर, मणिकंठ होबळीधर व अमलान बोरगोहाईं यांनी 38.69 सेकंदांत तो मोडला. मणिकंठ तर आम्हां बेंगळुरूकरांच्या ओळखीचा. 2023 मध्ये येथील कंठीरवा क्रीडांगणावरच त्याने 100 मीटरचा 10.23 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. मागे न पाहता, केवळ विश्वासाने बॅटन घेणारे हे चौघे अधिक वेगवान ठरले. पण पदकाअभावी त्यांची आठवण पुसट होण्याचे भय वाटते. म्हणून ही नावे आम्ही येथे नोंदवून ठेवीत आहोत.